वाय-फायची हजेरी

ते प्रकरण माझ्या मनातून तसं कधी गेलंच नव्हतं, पण गेल्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं कोल्हापूरला आलात आणि ते पुन्हा समोर येऊन उभं राहिलं. प्रवासाचे बूट काढायच्या आत तुमचा पहिला प्रश्न होता, "आजी, वाय-फाय?" मी पासवर्ड दिला. धाकटीनं तो टाइप करताना तीनदा चूक केली आणि म्हणाली, "हा पासवर्ड आहे की निबंध?" मग मी टेबलाच्या खणातली वही काढली, तुमच्या फोनचे आणि लॅपटॉपचे नंबर उतरवून घेतले, पुढे तारीख घातली. थोरला हसला. "आजी, आम्हाला अटक करतेस का?"

तेव्हा गॅसवर रस्सा होता, म्हणून उत्तर राहून गेलं. आता सवडीनं लिहिते. नावं कुणाचीच देणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून इथेच राहतात आणि भाजी घेताना मला भेटतात.

मी तेव्हा शहरातल्या एका जुन्या ठाण्यात गुन्हे शाखेची पोलीस निरीक्षक होते. घरोघरी टेबलावरचे कॉम्प्युटर होते, लॅपटॉप नुकते येऊ लागले होते, आणि घरात वायरशिवाय इंटरनेट असणं हे चारचाकी असण्यासारखं सांगण्याजोगं होतं. जिल्ह्यात सायबर गुन्ह्यांचं वेगळं ठाणं नव्हतं. तसला कागद आला की तो माझ्या टेबलावर येई, आणि त्याचं कारण फार साधं होतं. आमचे साहेब म्हणत, "कॉम्प्युटर इंग्रजीत असतो, मॅडमना इंग्रजी येतं." कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याची ही शिक्षा मी चार वर्षं भोगली. टाइपरायटरवर बोटं चालत होती, एवढंच माझं भांडवल.

फिर्याद एका मुलीच्या वडिलांची होती. कागलच्या एमआयडीसीत त्यांचं मशीन शॉप होतं. मुलीची सुपारी फुटली होती, म्हणजे साखरपुडा झाला होता, आणि लग्नाला दीड महिना राहिला असताना मुलाच्या घरी एक ईमेल आला. पाठवणाऱ्याचं नाव खोटं होतं. मजकूर चार ओळींचा. मुलीचं कॉलेजात कुणाशी तरी होतं, चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नका, मागाहून पस्तावाल. खाली सुपारीच्या समारंभाचा फोटो जोडलेला, ओळख पटावी म्हणून. मुलाकडच्यांनी फोन उचलणं बंद केलं.

"कुणाशी वैर?" मी विचारलं.

"न्हाय हो. आमचं सगळ्यांशी चांगलं हाय."

हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलं, की पुढे ते जबाबात लिहून घेताना हात आपोआप चाले. सगळ्यांशी चांगलं असलेल्या माणसालाच आपण कुणाला दुखावलं ते आठवत नाही.

पत्रव्यवहार झाला. ईमेलच्या कंपनीनं सांगितलं की मेल अमुक नंबरच्या जोडणीवरून गेला. इंटरनेटच्या कंपनीनं सांगितलं की त्या वेळी ती जोडणी मंगळवार पेठेतल्या एका घरी होती. कागदावर रविवारची दुपारची बारा चाळीस ही वेळ होती. माझा रायटर, म्हणजे लिखापढी करणारा शिपाई, तीच वेळ डायरीत उतरवायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. ती वेळ परदेशी घड्याळाची आहे, असं खाली बारीक इंग्रजीत लिहिलं होतं. साडेपाच तास मिळवले की आपल्याकडचे संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. इंग्रजी शिकल्याचा त्या दिवशी मला पहिल्यांदा उपयोग झाला.

घर एका गूळ व्यापाऱ्याचं होतं. शाहूपुरीत त्यांची पेढी. पेठेत सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला आक्का. जुनं जैन कुटुंब, दोन मुलगे, दोन सुना, शाळेत जाणारा एक नातू. त्यांच्या घरचं कुणी आमच्या ठाण्याची पायरी कधी चढलं नव्हतं.

आम्ही निघायच्या आधीच खबर आली. हवालदार चहाच्या गाड्यावर उभा होता, तिथं त्या गल्लीतल्या एका वजनदार गृहस्थानं त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "धाकटी सून बघा. तिच्या भावासाठी हीच मुलगी विचारली होती. नकार आलता." खबर देणाऱ्याचं नाव कागदावर घ्यायचं नसतं, ते घेतलं नाही, मीही हवालदाराला विचारलं नाही. खबर मात्र पक्की निघाली. मुलीच्या वडिलांनी मान हलवून सांगितलं, "व्हय, आलतं ते स्थळ. पत्रिका जुळली न्हाय."

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही त्या घरात पाऊल टाकलं. पंचनाम्याला दोन पंच लागतात. मी नेहमीप्रमाणे शेजारची प्रतिष्ठित माणसं बोलावली. एक कोपऱ्यावरचे गिरणीवाले, आणि दुसरे समोरच्या घरात राहणारे निवृत्त कारकून. हे दुसरे गृहस्थ पत्नी गेल्यावर एकटेच राहत, वर्षानुवर्षं दुपारी एकदाच जेवत, आणि समाजातली लग्नं विनामोबदला जुळवून देत. गल्ली त्यांना काका म्हणे. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. पंच म्हणून याहून चांगला माणूस मिळाला नसता, असं मला वाटलं.

घरात पाच यंत्रं निघाली. अण्णांच्या खोलीत जुना कॉम्प्युटर, थोरल्याचा आणि धाकट्याचा एकेक लॅपटॉप, नातवाचा कॉम्प्युटर, आणि माडीवर धाकट्या सुनेचा लॅपटॉप. ती घरी बसून मुलांना इंग्रजी शिकवी, त्याचे धडे तयार करी. वाय-फायचा डबा जिन्याच्या कठड्यावर बांधलेला होता, धूळ बसू नये म्हणून आक्कांनी त्यावर भरतकामाचा रुमाल घातलेला.

"हे कोण कोण वापरतं?" मी विचारलं.

अण्णा म्हणाले, "घरचीच माणसं की बाईसाहेब. आणि कोण?"

"पासवर्ड काय?"

त्यांनी सांगितला. मी लिहून घेतला आणि खिडकीतून खाली पाहिलं. अंगणात जीप, मोटारसायकल आणि दोन स्कूटर. कोल्हापूरकरांचं तुम्हाला माहीत नसेल. इथे घराण्याचा एक नंबर असतो. गाडी कुठलीही घ्या, नंबर तोच, त्यासाठी लोक महिने थांबतात. अण्णांच्या चारही गाड्यांवर तेच चार आकडे होते आणि तेच चार आकडे दोनदा लिहिले की वाय-फायचा पासवर्ड. घराची किल्ली चार पाट्यांवर रंगवून रोज गावभर फिरत होती.

"हे कुणी ठेवलं?"

"मी सगळं बसवलं," धाकटी सून म्हणाली. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, हात ओढणीत. "मी मोठा पासवर्ड ठेवला होता, मॅडम. अण्णांच्या लक्षात राहीना. दोन दिवसांनी बदलायला लावला."

बाईला ठाण्यात बोलवायचं नाही, तिचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा, हा कायदा आहे आणि मी तो पाळत आले. माडीवर ती, मी आणि एक महिला शिपाई बसलो.

"त्या रविवारी संध्याकाळी सहा ते साडेसहा कुठे होतीस?"

"इथेच."

"बाकीचे?"

"खाली जेवत होते. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात. माझा उपवास होता. दशलक्षण पर्व चालू होतं."

"म्हणजे तू एकटीच वर."

"हो."

"लॅपटॉप चालू?"

"हो. धडे करत होते."

"ती मुलगी तुझ्या ओळखीची?"

"हो. एकाच कॉलेजात होतो."

"तुझ्या भावासाठी..."

"हो," ती म्हणाली. "पण त्याला तीन वर्षं झाली. भावाचं लग्न झालंय. त्याला मुलगी आहे."

सहा ते साडेसहाचा प्रश्न मी तिला पुन्हा एकदा विचारला. तिनं पुन्हा तेच उत्तर दिलं.

माझ्या समोरचा कागद भरत चालला होता. त्या जोडणीवर त्या वेळी ताटापासून लांब असलेली ती एकटीच. यंत्राची माहिती असलेलीही तीच. कारणही तिच्याकडेच. असा सरळ गुन्हा नोकरीत फार क्वचित मिळतो.

खाली आले तर घरातली मंडळी जेवायला बसत होती. आक्कांनी आम्हालाही ताटं मांडली होती. पोलीस घराची झडती घेतोय म्हणून पाहुणचार चुकवायचा नसतो, हे इथलं वळण. मी नको म्हटलं. काका माझ्या हवालदाराजवळ खुर्चीवर बसून पंचनाम्यावर सही करत होते. आक्का ताट वाढताना सुनेकडे न बघता म्हणाल्या, "ह्या पेटीनं घर खाल्लं आमचं."

अण्णांनी हात धुतला आणि मला दाराशी गाठलं. "बाईसाहेब, हिच्या वडिलांना फोन केलाय. निपाणीस्नं रविवारी येत्यात. चार दिवस माहेरी जाऊन येऊ दे."

"चार दिवस?"

चार दिवसांसाठी कुणी लग्नातली ट्रंक माडीवरून खाली आणून ठेवत नाही, आणि ती ट्रंक मी जिन्याखाली पाहिली होती. सून त्या रविवारी गेली असती तर परत आली नसती. ते तिला माहीत होतं, तिच्या नवऱ्यालाही माहीत होतं. तो मान खाली घालून भात कालवत होता.

साहेबांनी रात्री फोनवर सांगितलं, "शनिवारपर्यंत अटक दाखवा. वरून विचारणा आहे."

शुक्रवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे आठला ठाण्यात. सकाळचं ठाणं मला अजून आठवतं. पाणी मारून बसवलेली धूळ, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर उघडी स्टेशन डायरी, अंगणात हजेरीला उभी राहिलेली रांग. हजर, गैरहजर, रजेवर, बंदोबस्तावर. रांगेतल्या प्रत्येकाचा बक्कल नंबर, म्हणजे पट्ट्यावरचा त्याचा क्रमांक, आणि तो पुकारला की "हजर". निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण सकाळी आठला माझे कान अजून तो आवाज शोधतात.

आत बिनतारी संदेशाच्या खोलीत आमचा वायरलेसवाला हवालदार बसलेला असे. राधानगरीकडचा माणूस, नोकरीची शेवटची दोन वर्षं. कानाला यंत्र, हातात चहाची बशी. तिकडे नियंत्रण कक्ष जिल्ह्यातल्या एकेका ठाण्याला हाक मारी आणि जो तो हजेरी देई. ती खरखर मला आवडायची. सगळा जिल्हा सकाळी एकमेकांना बरं आहे ना विचारतोय, असं वाटायचं.

मी त्याच्यासमोर बसून आदल्या दिवसाची माझी टिपणं वाचत होते. माझी एक सवय होती, माणसं बोलतात ते मी त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवी, कामाचं असो नसो. त्यासाठी साहेब मला हसत.

"काय मॅडम, गुळाच्या घरचं काय झालं?" हवालदारानं विचारलं.

"सून दिसतेय. वायरशिवायचं नेट आहे, आणि त्या वेळी त्याच्यावर ती एकटीच होती."

"एकटीच हुती कशावरनं?"

"बाकीचे जेवत होते."

त्यानं बशी खाली ठेवली. "ह्येबी वायरलेसच की मॅडम. आता बगा, कंट्रोलनं हाक मारली की कोण हाय न कोण न्हाय ते कळतंय. आणि हाक न मारता कोण मधीच बोलला, तर त्योबी कळतोय. त्या डब्याकडं आसल की हजेरी. घ्या की त्याची."

एवढ्या दिवसांत मी माणसांची हजेरी घेतली होती. यंत्रांची घेतलीच नव्हती.

आणि मग हातातल्या वहीवर नजर गेली. आदल्या संध्याकाळी पंचनाम्यावर सही करता करता काका माझ्या माणसाला म्हणाले होते, आणि मी सवयीनं लिहिलं होतं: "आता बघा, सगळी ताटावर बसली की स्पीड कसा सुटतोय."

त्यांच्या घरी इंटरनेट नव्हतं. पंच म्हणून त्यांची माहिती घेताना मीच विचारलं होतं. मग अण्णांच्या घरातली माणसं जेवायला बसली की वेग वाढतो, हे समोरच्या घरात राहणाऱ्याला कसं ठाऊक?

मी गुन्ह्याच्या कागदातला सुपारीचा फोटो काढला. शंभर वेळा पाहिलेला. पहिल्या रांगेत सगळ्यांच्या डोक्यावर गुलाबी फेटे, मुलाकडचे, मुलीकडचे, मोठे पाहुणे. शेवटच्या खुर्चीवर काका. डोकं उघडं. मांडीवर टॉवेल-टोपी.

मुलीच्या वडिलांना फोन केला. "हे स्थळ कुणी आणलं होतं?"

"काकांनीच की."

"मग त्यांना फेटा का नाही?"

"अकराच आणलतं. पावणं जास्त झालं. काका घरचंच, म्हटलं चालतंय." मग त्यांनीच विचारलं, "का हो मॅडम?"

संध्याकाळी आम्ही साध्या कपड्यांत, पायी गेलो. जीप ठाण्यात ठेवली. सोबत इंटरनेट कंपनीचा माणूस आणि नवे दोन पंच. अण्णांना सांगितलं, आज हजेरी आहे.

कंपनीच्या माणसानं आपल्या लॅपटॉपवर डब्याची आतली पाटी उघडली. त्याचाही पासवर्ड होता, आणि तो कारखान्यातून आला तसाच होता. तिथे एक यादी होती. डब्याशी जोडलेल्या प्रत्येक यंत्राचा एक लांब नंबर, यंत्र जन्मताना मिळालेला, आमच्या बक्कल नंबरासारखा. मी पाचही यंत्रांचे नंबर वहीत उतरवले. कंपनीवाल्यानं स्वतःचा सांगितला. मग घरातलं एकेक यंत्र मी स्वतः बंद केलं, लॅपटॉपच्या बॅटऱ्या काढून जेवणाच्या टेबलावर एका रांगेत ठेवल्या. धाकट्या सुनेची बॅटरी तिनंच आणून दिली.

"जेवायला बसा," मी म्हटलं.

"आत्ता?" आक्कांनी विचारलं.

"रोज बसता तसंच."

पानं वाढली. सहाला पाच मिनिटं कमी असताना कंपनीवाला म्हणाला, "मॅडम." यादीत त्याच्या स्वतःच्या नंबराखाली आणखी एक नंबर उगवला होता. माझ्या वहीत नसलेला.

मी अण्णांजवळ गेले. "अण्णा, पासवर्ड घराबाहेर कुणाला दिलाय?"

"कुणाला न्हाय."

"समोरच्या काकांना?"

"त्यांना व्हय," अण्णा म्हणाले. "दीड-दोन वर्षं झाली की. पत्रिका बघायला लागतंय म्हणालं. ते काय परकं हायत व्हय?"

मी काल विचारलं होतं, कोण कोण वापरतं. अण्णांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरच्या माणसांत काका धरलेलेच होते. चूक माझ्या प्रश्नात होती.

मी कंपनीवाल्याला खूण केली. त्यानं डब्याची वायर उपटली. दोन मिनिटंही झाली नसतील. समोरच्या गॅलरीचं दार वाजलं आणि ओळखीचा आवाज आला, "आक्का, लाइट गेली काय तुमची? नेट थांबलंय."

मी सोप्यातून, म्हणजे पुढच्या ओसरीतून, बाहेर आले. काकांनी मला पाहिलं. माझ्या मागे दारात धाकटी सून येऊन उभी राहिली होती, तिलाही पाहिलं. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला.

त्यांचं वय पाहता चौकशी त्यांच्याच घरी झाली. खोली अतिशय नीटनेटकी. भिंतीला लावून पत्रिकांचे गठ्ठे, प्रत्येकावर सुतळी आणि नावाची चिठ्ठी. टेबलावर पुतण्यानं दिलेला लॅपटॉप उघडा. मी मेलबद्दल आधी काहीच विचारलं नाही.

"काका, आजवर किती लग्नं जुळवली?"

"मोजली न्हाईत," ते म्हणाले. "पण प्रत्येक फेटा ठेवलाय." त्यांनी कपाटाकडे बोट केलं.

"या सुपारीचा?"

"चौदा महिने मी त्या दोन घरांत हेलपाटे घातले, मॅडम. पाच वेळा सांगलीला गेलो, माझ्या पदरच्या पैशानं. आणि भर मांडवात माझ्या हातात टॉवेल-टोपी दिली. ज्यानं नुसता गाडीतून उतरून चहा घेतला त्याला फेटा. कोण हसलं नसेल, पण मला सगळी हसत्यात असं वाटलं." मग हळूच म्हणाले, "मी काय खोटं लिवलं न्हाई. चौकशी करा, एवढंच लिवलं."

"मुलीचं कुणाशी होतं, हे खरं होतं?"

त्यांनी मान हलवली. नव्हतं.

"आणि अण्णांचं नेट का वापरलंत?"

"रोजचंच वापरलं. त्यावरनं घर कळतंय, हे मला काय ठावं?"

हे मला खरं वाटलं, आणि अजूनही वाटतं. अण्णांना गोवायचा त्यांचा विचार नव्हता. हात जिथे सवयीनं जायचा तिथेच गेला. पण एक प्रश्न राहिला होता. "मग चहाच्या गाड्यावर हवालदाराला धाकटी सून बघा असं सांगणारे कोण?"

आता ते रडले. म्हणाले, "तुमची माणसं गल्लीत घर विचारत फिरत हुती. भ्यालो." तिच्या भावाचं स्थळ तीन वर्षांपूर्वी त्यांनीच नेलं होतं, म्हणून ती गोष्ट त्यांच्या हाताशी होती.

एवढ्या वर्षांनी सांगते, त्या चार ओळींच्या मेलबद्दल मला त्या माणसाची कीव आली होती. मानासाठी माणसं आमच्या भागात काय काय करतात ते मी पाहिलंय. पण गाड्यावरच्या त्या एका वाक्याबद्दल मला कधी कीव आली नाही. ते त्यांनी शांत डोक्यानं, दिवसाउजेडी, चहा पिता पिता उच्चारलं होतं.

लॅपटॉप पंचांसमक्ष सीलबंद केला. माझा गुरुवारचा पंचनामा बाद करून नवा करावा लागला, कारण त्यावर आरोपीचीच पंच म्हणून सही होती. साहेब त्यावर आठ दिवस हसले. प्रयोगशाळेचा अहवाल, आरोपपत्र, तारखा, हे सगळं पुढे रीतीनं झालं. मुलाकडचे माफी मागायला आले तेव्हा मुलीनंच नकार दिला. चार ओळींवर विश्वास ठेवताना मला एक फोन करावासा वाटला नाही ना, एवढंच तिनं विचारलं. तिच्या वडिलांना ते पटायला वर्ष लागलं.

रविवारी मी मुद्दाम गणवेशात गेले आणि मुद्दाम जीप दारात उभी केली, गल्लीला दिसावी म्हणून. निपाणीची गाडी आलेलीच होती. सुनेचे वडील सोप्यात टेकले होते, पाण्याचा तांब्या तसाच. मी सगळ्यांसमोर, मोठ्यानं, काय झालं आणि कुणी केलं ते सांगितलं. अण्णा उठले.

"पावणं," ते व्याह्यांना म्हणाले, "तुम्हाला जेवायला बोलावलंय. न्यायला न्हाय."

आक्काही उठल्या. त्या जिन्याशी गेल्या, डब्यावरचा रुमाल काढला आणि सुनेला म्हणाल्या, "तो नंबर बदल. तुला पायजे तेवढा लांब ठेव. आम्ही पाठ करतो." त्या घरात माफी मागायची हीच पद्धत होती, आणि सुनेला ती समजली. तिच्या नवऱ्यानं ट्रंक उचलून माडीवर नेली.

निघताना ती जीपपर्यंत आली. मला वाटलं आभार मानेल. ती म्हणाली, "मॅडम, सहा ते साडेसहाचा प्रश्न तुम्ही सगळ्यांना एकदा विचारला. मला दोनदा."

तिचं बरोबर होतं. वहीत पाहिलं, दोनदाच होता. जिला यंत्र कळतं तिनंच काही केलं असणार, हे मी गृहीत धरलं होतं, आणि मी स्वतः इंग्रजी येतं म्हणून चार वर्षं ऐकून घेतलेली बाई. नोकरीत पुढे जेव्हा जेव्हा कागद फार सरळ भरत गेला, तेव्हा मी पेन खाली ठेवून आधी हजेरी घेतली. कोण आहे ते सगळे सांगतात. कुणाला मोजायचं राहिलंय, ते विचारावं लागतं.

मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या घरचं नेट बसवायला तीच आली. तोवर तिचं स्वतःचं छोटं ऑफिस झालं होतं. तुमच्या आजोबांचा कॉम्प्युटर, माझा लॅपटॉप, प्रिंटर, सगळं तिनं जोडलं. डब्याचा कारखान्यातला पासवर्ड आधी बदलला. पाहुण्यांसाठी वेगळं नेट काढून दिलं, म्हणजे कुणाला नाही म्हणायला नको आणि घरच्या यंत्रांपर्यंत कुणी पोचायलाही नको. लांब पासवर्ड मीच सुचवला, तिनं तो मला दोनदा म्हणून दाखवायला लावला. दोनदा, हे ती हसत म्हणाली.

तेव्हापासून ही वही आहे. महिन्याच्या एक तारखेला सकाळी आठला मी चहा घेऊन बसते, यादी उघडते आणि एकेक नंबर पुकारते. आजोबांचा कॉम्प्युटर मी अजून चालू करते, त्याची हजेरी लागते. शेजारणीचा फोन, दुधवाल्याच्या मुलीचा अभ्यासाचा टॅब, येणारे जाणारे, हे सगळे पाहुण्यांच्या पानावर आहेत.

तुम्हा दोघांचे नंबर त्या पानावर नाहीत. ते पहिल्या पानावर आहेत, घरच्या. तुम्ही गेल्यावर ते यादीतून गेले, पण वहीतून मी खोडलेले नाहीत. खात्याच्या रीतीप्रमाणे पुढे शेरा घातला आहे: रजेवर.